मिठाच्या घरातला अळणी झोर

बंधनकाका जेवायला येणार त्या दिवशी झोर, म्हणजे पाल्याचं आंबट, पातळ कालवण, मीच रांधायचा असं मी ठरवलं आणि बायकोला, सलगीला, खुशाल बाजाराला धाडलं. काकांच्या नातवाचं लग्न आठवड्यावर आलं होतं. लग्नाच्या मोठ्या हंड्यावर पळी कोणाच्या हाती द्यायची हे काका ठरवणार होते. गेल्या तीन लग्नांत मी नुसते साल झाडाच्या पानांचे द्रोण टाचले होते. (तेही गळके, असं लोक म्हणतात.) या खेपेला मला पळी हवी होती.

निघताना सलगी म्हणाली, "फुलोचे बाबा, मीठ आठवणीनं घाला. मागाहून ताटात घेता यायचं नाही."

हे मला सांगायचं? आम्ही बेक. आमच्या बोलीत बेक म्हणजेच मीठ. ते आमचं गोत्र, आमचा भाऊबंद. अन्नात शिजलेलं चालतं, कच्चं मात्र जिभेला लावायचं नाही. तुमच्याकडे ताटात डावीकडे मीठ वाढतात म्हणे. आमच्याकडे झोर अळणी झाला तर अळणीच प्यायचा.

मी भाताची पेज काढली, तीत फुटकल झाडाचा वाळवलेला पाला टाकला. असा आंबट वास सुटला की मी चुलीपुढेच पळी धरण्याचा सराव करत बसलो. (डाव्या हातात जास्त रुबाबदार दिसते.)

काका आले, टेकले, एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. मग त्यांनी मिठाचं विचारलं. डॉक्टर हल्ली कमीच खायला सांगतात, असं मी ठोकून दिलं.

"कमी नाही, बाबू," काका म्हणाले. "भाऊबंद रुसून घराबाहेर बसलाय."

मी भांडं परत चुलीवर चढवलं, मूठभर मीठ टाकलं आणि उकळी आणली. इथवर सगळं रीतसर होतं. मग चव बघावी म्हणून मी बोट चाटलं. झोरात बुडवलेलं नव्हे, मीठ टाकलेलं. चाळीस वर्षं पाळलेला नियम जिभेने एका क्षणात मोडला. वळून पाहतो तर दारात काका. पळी गेल्याच्या दुःखाहून लाज जास्त वाटली.

"थुंक," काका शांतपणे म्हणाले. "चूळ भर."

मी चूळ भरली. काका वाटीभर झोर प्यायले, मग आणखी एक वाटी. तेवढ्यात सलगी बाजारातून आली. काकांनी तिला लग्नाच्या हंड्यावर पळी धरायला सांगितलं.

"आणि मी, काका?"

त्यांनी तोंड पुसलं. "मीठ छान शिजलंय रे. तूच कच्चा राहिलास."

हे त्यांनी लग्नात सगळ्या मांडवाला सांगितलं. सलगीचा झोर लोक मागून मागून पीत होते. मी कोपऱ्यात द्रोण टाचत होतो, तर काकांची चिमुरडी नात झोराने भिजलेला परकर सावरत, हातात द्रोण घेऊन माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"कच्चा काका, हा पण गळतोय."