फरशीचं घर

शालिककाका घर बघायला गेले की छताकडे कधी बघत नसत. मालक बिचारा छपराचे सागवानी फाटे, वरचे नवे कवेलू, विजेचं बटण असं सगळं हौसेनं दाखवत असे आणि आमचे काका उकिडवे बसून जमिनीवर ठकठक करत. मालकानं फारच आग्रह केला तर म्हणत, "वरतं काय पाहाचं जी? मानूस का छताले लटकून राह्यते?"

आंधळगावात त्यांची आणि आमची भिंत एक. काका हातमागावर लुगडी विणत. त्यांचा माग खड्ड्याचा. म्हणजे विणकर जमिनीवर बसतो, पाय खालच्या खड्ड्यात सोडतो आणि पायांनी पावड्या दाबतो. पहाट झाली की भिंतीपलीकडे खटखट सुरू व्हायची. मी शाळामास्तर, रविवारीसुद्धा त्या मागानं मला कधी झोपू दिलं नाही. पण काकांचा काठ असा, की भंडाऱ्याचे व्यापारी घडी न उलगडता माल उचलत. हा माणूस माझा शेजारी आहे, हे मी चार गावांत मिरवून सांगत असे.

घर मात्र दोन खोल्यांचं. त्यातली मोठी खोली मागानं अडवलेली, आणि उरलेल्या जागेत काका-काकू, तीन मुलगे, तीन सुना, सात नातवंडं. पाहुणा आला की दोन नातवंडं आमच्याकडे रवाना होत. मुलं नोकरी-धंद्याला लागलेली. मागावर बसणारे काका एकटेच. मुलं म्हणाली, खड्डा बुजवू, एक खोली मोकळी होईल.

"बुजवा," काका म्हणाले. "पन मले आंदर बसवून बुजवा."

मग मोठं घर घ्यायचं ठरलं. घरं बघायला काका मला सोबत नेत. "मास्तर, तुमी कागद पाहा, मी जमीन पाह्यतो." पहिल्या घराखाली ओल होती. "पाय सडतीन जी." दुसऱ्याखाली खडक लागला. तिसरं घर सगळ्यांच्या मनात भरलं. पाच खोल्या, परसात विहीर, आणि पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गुळगुळीत फरशी. काकांनी फरशीवरून हात फिरवला.

"घर नंबर एक हाय. पन मी कुठं बसू?"

"खुर्चीवर बसा ना काका!" मालक हसला.

काका हसले नाहीत. घर बारगळलं.

त्यानंतर धाकटा सुरेश बोलला. त्याची बायको मंदा पोटुशी होती. "बाबा, मी भंडाऱ्याले खोली पाहून राहिलो."

"पाह्य," एवढंच म्हणून काका मागावर बसले. त्या दिवशी खटखट सारखी थांबत होती. त्यांच्या हातून धागा तुटतोय हे मला भिंतीतून ऐकू येत होतं.

तिसऱ्या दिवशी मी शाळेत उशिरा पोचलो. जाग आणणारी खटखटच झाली नव्हती. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, तर माग सुटा करून भिंतीला टेकवलेला आणि काका टोपल्याटोपल्यानं खड्ड्यात माती टाकत होते.

"काका, हे काय करून राहिले?"

"खोली करून राहिलो. सुरेशची. भंडाऱ्याले कायले जाते तो? पोरीच्या बाळंतपनाले तिथं कोन हाय?"

त्या जागेवर मंदानंच शेण सारवलं. सारवताना डोळे पुसत होती. चाळीस वर्षं पाय खाली सोडून बसलेल्या काकांना मांडी घालता येईना. ते पाय लांब करून भिंतीशी बसत आणि येईल त्याला सांगत, "आता कसं ऐसपैस झालं!" मला राग येई, आणि फार वाईटही वाटे.

आठवड्याभरानं मंदा आमच्या दारात उभी. "मास्तरजी, ते फरशीचं घर गेलं काय?"

गेलं नव्हतं. तिघा भावांनी मिळून ते घेतलं. राहायला गेले त्या दिवशी सामान अजून अंगणातच होतं आणि सुरेश लोखंडी सब्बल घेऊन पुढच्या खोलीत शिरला. खिडकीचा उजेड कुठे पडतो ते बघून मंदानं जागा दाखवली. पहिला घाव पडताच काका धावत आले.

"अबे थांबा! येवढी मस्त फरशी! येडे झाले काय तुमी?"

सासऱ्यासमोर कधी आवाज न चढवलेली मंदा पदर सावरून म्हणाली, "मामाजी, तुमी बाजूले व्हा. चिपा उडतीन."

काका बाजूला झाले. पार अंगणात, विहिरीशी जाऊन पाठ करून उभे राहिले. मीही तिकडे गेलो नाही.

पुढे त्या घरात पाहुणे पुष्कळ आले. काकांनी कुणाला पाच खोल्या दाखवल्या नाहीत, विहीर दाखवली नाही. ते पाहुण्याला थेट मागाजवळ नेत, फरशीच्या ओबडधोबड तुटलेल्या कडेवर त्याचा हात ठेवत आणि सांगत, "पोरायनं फोडली जी. माह्यासाठी."