नकाशातलं लातूर

लातूर जिल्हा झाला आणि चाकूरच्या गुरुबसप्पांनी आपल्या कापड दुकानात इंग्रजी पेपर घ्यायला सुरुवात केली. जिल्ह्यातल्या व्यापाऱ्याला मराठी पेपर शोभत नाही, असं त्यांचं मत. इंग्रजीतली मोठी अक्षरं तेवढी त्यांना येत. एका सकाळी हवामानाच्या नकाशात, बरोबर मराठवाड्यावर, गोलगोल रेघांच्या मधोमध त्यांना ठळक ‘एल’ दिसला.

"दस्तगीर, हे बघ! लातूर छापून आलंय! ना पुणं, ना औरंगाबाद. निस्तं लातूर!"

ओट्यावर शिलाई मशीन चालवणारा दस्तगीर वाकून बघू लागला. "अन् अप्पा, ह्या रेघा?"

"तालुक्याच्या हद्दी."

"वर राजस्थानात ‘एच’ हाय की."

"हिमायतनगर असंल."

"इतक्या लांब?"

"नांदेडवाल्यांचं काय सांगावं!"

दुपारी पेढे वाटले गेले. गुरुबसप्पांची बायको शिवकांता म्हणाली, "आडात पाणी न्हाई अन् पेढे कशाचे?" पण तिचं ऐकतो कोण!

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला, तर ‘एल’ गुजरातेत.

"जिल्हा गेला!" गुरुबसप्पा ओरडले. बातमी बाजारभर झाली. कुणी म्हणालं, हा उस्मानाबादवाल्यांचा डाव. काल पेढे खाल्लेलेच आज दुकानासमोर जाब विचारू लागले. शेवटी दोन्ही पेपर घेऊन गुरुबसप्पा आणि दस्तगीर एसटीनं लातूरच्या कचेरीत गेले.

तिथले साहेब हसले नाहीत. "अहो, ‘एल’ म्हणजे कमी दाब. तिथं ढग जमतात, पाऊस होतो. ‘एच’ म्हणजे जास्त दाब, तिथं कोरडं. आणि ह्या रेघा सारख्या दाबाच्या."

"पण साहेब, काल तर ‘एल’ आमच्याच डोक्यावर होता. थेंब न्हाई पडला!"

साहेबांनी खिडकीतून कोरड्या आभाळाकडं पाहिलं. "होता खरा. न बरसताच पुढं गेला."

संध्याकाळच्या एसटीनं दोघं परतले. चाकूरच्या स्टँडवर निम्मं गाव उभं होतं.

"अप्पा, लातूर कुठं हाय?"

दस्तगीर चपलेकडं बघू लागला. गुरुबसप्पांनी टोपी नीट केली.

"गुजरातेत गेलंय, हे खरं. पण कुणी हलवलेलं न्हाई. पाणी आणायला गेलंय."

मग मागून शिवकांता म्हणाली, "बरं झालं. घरातलं कुणीतरी जायलाच पायजे होतं."

लोकांना ते पटलं, आणि सगळे आपापल्या घरी गेले.