त्रेचाळीस नंबरच्या बाई

आमचे कादरी सर महिन्यातून एकदा शांताबाई होत. त्याच दिवशी रामराव आणि सलमाबीसुद्धा. स्वतःचं रक्त तीन नळ्यांत भरायचं, वर खोटी नावं चिकटवायची आणि आमच्या नमुन्यांत गुपचूप सरकवायचं. तिन्हींची उत्तरं वेगळी आली की आमची खरडपट्टी. तंतोतंत सारखी आली तर जास्तच. "तीन भाऊ एकसारखं बोलायलेत म्हणजे घरून ठरवून आले, बेटा."

संभाजीनगरातल्या एका मेडिकल कॉलेजात मी बायोकेमिस्ट्रीत एम.डी. करत होते आणि सर माझे गाईड. डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनवर पेन्सिलनं खूण केल्याशिवाय ते जेवायला जात नसत. 'बरोबर आहे' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. फारच खूश झाले तर म्हणत, "देखेंगे."

माझा थिसिस मधुमेहींच्या मूत्रपिंडांवर होता. जमा करायला तीन दिवस उरले होते आणि फक्त सरांची सही बाकी होती. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, तक्त्यावरून बोट फिरवत आणलं आणि त्रेचाळीस नंबरवर थांबवलं. क्रिएटिनिन सात; धडधाकट माणसाचं एकच्या आसपास असतं.

"ही बाई कुठली?"

"फुलंब्रीच्या, सर. कौसाबाई. आकडा मी दोनदा तपासलाय."

"पत्ता दे. उद्या जातो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोलीत बसून पेशंट रचणाऱ्या एका मुलाला सरांनी असंच घरोघर फिरून पकडलं होतं. म्हणजे आता माझी पाळी! ते एकटे गेले तर काय काय विचारतील याचा भरवसा नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर एसटीत बसले. सरांनी तिकिटावरचं गावाचं नाव दोनदा वाचलं.

कौसाबाई ओट्यावरच बसल्या होत्या. पायांवर सूज होती.

"बघा सर, आहेत!" मी जवळजवळ ओरडलेच.

सर त्यांच्या शेजारी टेकले. "मावशी, रिपोर्ट भेटला का तुम्हाला?"

"कसला रिपोट, सायेब? म्याडम म्हनल्या, अभ्यासाला रगत पायजे. म्या म्हनलं, घ्या."

तो सात मी तक्त्यात भरला होता, ठळक केला होता, त्यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला होता. ज्या बाईच्या अंगात तो होता, तिला सांगायचं तेवढं राहिलं होतं. मला मान वर करायची लाज वाटली.

"चला मावशी, आमच्यासंग. किडनीच्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय मी," सर म्हणाले. जीपसुद्धा त्यांनी आधीच ठरवली होती. बाईंना पुढं बसवलं आणि आम्ही दोघं मागं बसलो.

शहराच्या वेशीवरचं हर्सूल आलं तेव्हा मला धीर झाला. "सर, तुम्हाला माझा संशय नव्हताच ना?"

"तुझा नव्हता. माझ्या थिसिसात पण एक बाई होती, बेटा. असाच आकडा. थिसिस जमा करून, पास होऊन, मग गेलो सांगायला. घरात फोटोला हार घातलेला."

"आणि तुमच्या गाईडनी काहीच विचारलं नाही?"

"नाय ना," सर म्हणाले. "लई खूश होते माझ्यावर. बघितल्या बघितल्या सही केली."