भाग्यश्रीबाईंचं स्वतःचं मत

"उद्या शिक्षण विभागाचे साहेब येणार. पाठांतराऐवजी समज तपासणारा तो क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आणावा की नाही, यावर प्रत्येकाने स्वतःचं मत सांगायचं. ज्याला जमणार नाही, त्याचं नाव मे महिन्याच्या प्रशिक्षणाला. महिनाभर, तिकडे मांजरी गावात!" मुख्याध्यापक उत्तरेश्वर सरांनी एका दमात सांगून टाकलं आणि शिक्षकखोलीत चहाचे कप हवेतच थांबले.

इतिहासाच्या भाग्यश्रीबाईंना तर आधी काश्मीर आठवलं. हिंजवडीत नोकरीला लागलेल्या मुलाने पहिल्याच पगारातून आईला मे महिन्यातली काश्मीरची तिकिटं काढून दिली होती. अख्ख्या शनिवार पेठेत सांगून झालं होतं! आणि आता मत? तेही स्वतःचं? पानिपत का झालं याची पुस्तकात जेवढी कारणं होती, तेवढीच बाईंनी आजवर शिकवली होती. एक जास्त नाही, एक कमी नाही.

मधल्या सुट्टीत त्यांनी नववीतल्या रुकसानाला गाठलं. वक्तृत्वाच्या सगळ्या ढाली तीच आणायची.

"रुकसाना, मला एक मत लिहून दे गं."

"कुणाचं, बाई?"

"माझं."

"बाजूने देऊ की विरोधात?"

"पाठ करायला सोपं जाईल ते दे! आणि कुणाला सांगू नकोस."

संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता बाईंनी सगळं मत घडाघडा पाठ केलं. दोन पोळ्या करपल्या, पण स्वल्पविरामसुद्धा चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी सभेत पहिले उठले खेळाचे सर्जेराव सर. छाती पुढे, हात ताठ. "घोकंपट्टीच्या पिंजऱ्यातून आमच्या पाखरांना मुक्त करा!"

बाई ताडकन सरळ झाल्या. ही तर त्यांच्या पाठ केलेल्या मतातली पाखरं! पिंजरासुद्धा त्यांचाच! सर खाली बसतात न बसतात तोच गाण्याच्या सुरय्या मॅडम उठल्या. पुन्हा तीच पाखरं, फक्त सुरात.

"तुमच्या शाळेत पाखरं फार झालीत," साहेब कोरडेपणाने म्हणाले.

रुकसाना पाण्याचे ग्लास घेऊन फिरत होती. बाईंनी तिची ओढणी खेचली. "अगं, सगळ्यांना एकच?"

"बाई, तिघांनीही 'कुणाला सांगू नकोस' म्हटलं होतं. मी कुणालाच सांगितलं नाही!"

"हं, पुढच्या बाई?" साहेब म्हणाले.

बाई उठल्या. पाखरं तर संपली होती. मग जे मनात होतं तेच बाहेर पडलं. "साहेब, मला अजून काही कळलेलंच नाही. मुलांना लढाईची सनावळी येते. लढाई झालीच कशाला, असं विचारलं की मुलं माझ्याकडे बघतात आणि मी पुस्तकाकडे. उद्या पुस्तकात उत्तरच नसेल, तर मी कुणाकडे बघू? भीती वाटते हो!"

उत्तरेश्वर सरांनी डोळे गच्च मिटले.

साहेब मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले. "वा! कितीतरी शाळा फिरलो, स्वतःचं मत आज ऐकलं!"

काश्मीर वाचलं! बाईंनी श्वास सोडला.

"उत्तरेश्वर सर, मांजरीत प्रशिक्षण द्यायला मला याच बाई हव्यात. मेचा पूर्ण महिना."

"अहो साहेब, नको!" बाई किंचाळल्याच. "ते चुकून निघालं तोंडातून. मी पक्की घोकंपट्टीवाली आहे. खोटं वाटत असेल तर ऐका!" आणि पिंजऱ्यापासून शेवटच्या पाखरापर्यंत सगळं मत त्यांनी एकदाही न अडखळता म्हणून दाखवलं.

साहेबांनी टाळीच वाजवली. "कमाल आहे! भाषणसुद्धा तयार? मग मांजरीत उद्घाटनही तुम्हीच करा."