मशीन बेकसूर असतंय

कॉम्प्युटर बिघडला म्हणून मुंजाजीला बोलवायचं, तर आधी मनाची तयारी करावी लागते. कारण तो आल्यावर कॉम्प्युटरकडे ढुंकूनही बघत नाही. तक्रार करणाऱ्याकडे बघतो. खुर्ची ओढून समोर बसतो, दोनशे पानी वही उघडतो आणि म्हणतो, "हात मांडीवर ठेवा. आता सांगा, काय केलतं?"

"मी काहीच केलं नाही हो. आपोआप बंद पडलं."

"काहीच न्हाई केलं म्हंजे कायतरी केलंय," असं म्हणत मुंजाजी तेही लिहून घेतो.

याला तो जबानी म्हणतो. जबानीच्या खाली सही लागते, आणि सही झाल्याशिवाय तो माऊसला हात लावत नाही. त्याचं म्हणणं एकच, आणि ते तो दिवसातून चार वेळा ऐकवतो. "मशीन बेकसूर असतंय, साहेब. कसूर माणसाचा."

आमचा कापसातली सरकी काढायचा, म्हणजे जिनिंगचा कारखाना सेलूत आहे. ऑफिसातले आणि पाथरी-मानवतच्या खरेदी केंद्रांतले मिळून तीसेक कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले आहेत आणि त्या सगळ्यांचा वाली मुंजाजी एकटाच. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा, नाकावर चष्मा, खिशाला एक पेन आणि एक स्क्रू-ड्रायव्हर. दोन्ही तो कान कोरायला वापरतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

एकदा मॅनेजरसाहेबांच्या स्क्रीनवरचं सगळं उलटं झालं. अक्षरं डोक्यावर उभी. साहेबांनी तासभर मान वाकडी करून पत्रं वाचली. मग आमच्या पांडुरंग शिपायाने सुचवलं की मान वाकडी करण्यापेक्षा स्क्रीनच उलटी करू. मुंजाजी पोचला तेव्हा स्क्रीन फायलींच्या दोन गठ्ठ्यांना टेकवून उलटी उभी केलेली होती आणि दोघंही समाधानात होते.

"साहेब, दुपारी डबा कुठं ठेवलता?" मुंजाजीने विचारलं.

"डब्याचा इथे काय संबंध?"

"हात मांडीवर."

साहेबांनी ठेवले! ज्यांच्यापुढे भलेभले ड्रायव्हर टोपी काढतात, त्या साहेबांनी मुकाट्याने हात मांडीवर ठेवले आणि डबा कीबोर्डवर ठेवल्याचं कबूल केलं. डब्याच्या वजनाने नको ती बटणं एकदम दाबली गेली होती. मुंजाजीने तीन बटणं एकदम दाबून स्क्रीन सरळ केली आणि वहीत लिहिलं, 'कसूर डब्याचा. भाजी वांग्याची.' खाली साहेबांची सही आहे.

मुख्य कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, त्याला त्याने आमच्याकडच्या येलदरी धरणाचं नाव दिलंय. सगळ्यांचं पाणी तिथेच साठतं म्हणून. भर ऑफिसात तो ओरडतो, "येलदरी नव्वद टक्के भरलीय! लग्नाचे फोटो काढून घ्या, न्हाईतर मी दरवाजे उघडायलोय!" कापूस घेऊन आलेले शेतकरी बिचारे चपापून एकमेकांकडे बघतात.

पण एक कबूल करायला हवं. कुणाला नवा कॉम्प्युटर द्यायचा असला की तो अर्धा दिवस त्या माणसाच्या मागे स्टूल टाकून नुसता बसतो. हा माणूस आधी कुठे बघतो, कुठली फाइल कुठल्या कोपऱ्यात ठेवतो, चष्मा कपाळावर घेतो का, सगळं बघतो. आमच्या स्टोअरच्या सोनवणे मॅडम चुकून फायली पुसून टाकायच्या. तर त्याने त्यांच्या स्क्रीनवरची, फायलींना खेटून असलेली केराची टोपली उचलून पार पलीकडच्या कोपऱ्यात नेली. "देवघरापाशी केराची टोपली ठेवत्यात का कुणी?" असं वर त्यांनाच विचारलं. मॅडम आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत, पण त्यानंतर एक फाइल गेली नाही.

मी स्वतः त्याच्याशी जरा फटकूनच वागायचो. माझ्या नावावर सात जबान्या आहेत.

गेल्या वर्षी मला झटका आला. उजवी बाजू गेली. पाय महिन्याभरात परत आला, बोलणं आलं, हात मात्र आल्यासारखा करून मागेच राहिला. दोन महिन्यांनी कामावर रुजू झालो, तेव्हा मॅनेजरसाहेब फार गोड बोलले. "महिनाभर बघू, जोशी. नाही जमलं तर वजनकाट्याच्या खोलीत बसा. तिथे नुसतं बघायचं काम. आराम पडेल तुम्हाला."

मला आराम नको होता. रुईच्या गाठी भरलेली प्रत्येक लॉरी माझ्या कॉम्प्युटरमधून निघालेल्या गेटपासवर बाहेर पडते. सव्वीस वर्षं मी त्या खुर्चीवर बसतोय. तिथून उठलो की मी जन्मभराचा पेशंट झालो, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि त्याची मला फार भीती वाटत होती.

पहिल्याच सकाळी गेटपासची फाइल उघडेना. त्यावर लागोपाठ दोनदा बटण दाबावं लागतं, एवढंच. माझं एक बोट एकदा दाबून विसावा घ्यायचं आणि मग दुसऱ्यांदा दाबायचं. कधी फाइल उघडायच्या ऐवजी तिचं नाव बदलायची चौकट यायची, कधी फाइल घसरत भलतीकडेच जायची. बाहेर लॉरीवाल्याने हॉर्न धरला. मला घाम फुटला. शेवटी पांडुरंगाने न विचारताच मुंजाजीला बोलावून आणलं.

मी आपणहूनच हात मांडीवर ठेवले.

मुंजाजीने वही उघडली नाही. "करा बरं एकदा," म्हणाला आणि माझ्या मागे उभा राहिला. मी केलं. पुन्हा केलं. तो बराच वेळ बघत होता. मग सगळ्या ऑफिसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माऊस खराब हाय."

सोनवणे मॅडमनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. मुंजाजीने मशीनला दोष द्यावा, ही गोष्ट आमच्या ऑफिसात कधी झाली नव्हती.

"मशीनचा कसूर हाय. तुमी चहा घेऊन या, जोशीसाहेब. मी तवर नवा लावतो."

मी चहा घेऊन आलो. नवा माऊस होता. फाइल उघडली! मी संडासात जाऊन रडलो, लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर दर शनिवारी तो "माऊस साफ करायचाय" म्हणून यायचा आणि मला चहाला पिटाळायचा. महिना संपला, साहेबांनी काट्याच्या खोलीचा विषय काढला नाही, आणि मी शेफारलो. बायकोच्या हातचं तेल, रबरी चेंडू दाबायचा व्यायाम, आणि मुख्य म्हणजे माझा मनाचा निर्धार यावर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रवचन द्यायला लागलो. मुंजाजीलासुद्धा दिलं.

"शेवटी इच्छाशक्ती लागते, मुंजाजी."

"बरोबर हाय," तो म्हणाला आणि माऊसची वायर पुसत राहिला.

मागच्या महिन्यात तो नवे कॉम्प्युटर लावायला चार दिवस पाथरीला गेला. इकडे पुण्याच्या मुख्य ऑफिसातून राऊत नावाच्या इंजिनियर बाई आल्या. सगळ्यांचे कॉम्प्युटर एकसारखे करायचे असा हुकूम होता. सोमवारी त्यांनी ते केले. मंगळवारी सकाळी मी फाइलवर दोनदा दाबलं, तर उघडली नाही. दहादा दाबलं. नाही.

दुसरा झटका आला, मला वाटलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, शंका आली की हसून बघायचं, हात वर करून बघायचं, स्वतःचं नाव घ्यायचं. मी धावत संडासातल्या आरशापुढे गेलो आणि तिन्ही एकदम केलं. तेवढ्यात पांडुरंग आत आला. दोन्ही हात वर करून, हसत, स्वतःचंच नाव घेणारा मी त्याला दिसलो. तो आल्या पावली परत गेला.

त्यानेच राऊतबाईंना आणलं. त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर काहीतरी तपासलं आणि बुचकळ्यात पडल्या. "काका, दोन क्लिकच्या मध्ये किती वेळ चालेल याची सेटिंग असते, एक पट्टी. तिच्यावरची खूण जितकी पुढे, तितकं झटपट दाबावं लागतं. तुमची खूप हळू ठेवली होती. मला वाटलं चुकून राहिली असेल, म्हणून काल सगळ्यांसारखी केली. थांबा, मुंजाजींना विचारते."

त्यांनी फोन लावून टेबलावर ठेवला. मुंजाजीचा आवाज सगळ्या खोलीत घुमला.

"जोशीसाहेब तिथं हायत का? असतील तर आधी चहाला पाठवा, मग सांगतो."

राऊतबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच 'नाही' अशी खूण केली. "गेले ते," बाई म्हणाल्या.

"मग ऐका. खूण पाचव्या घरावर ठेवा. पैल्या दिवशी एकदम तळाला ठेवलती, तवा कुठं फाइल उघडायली. मग दर शनिवारी अंदाज घ्यायलो, जमलं तरच एक घर पुढं न्यायलो. मधी सहावर नेली तर लय हैराण झाले, घाम फुटला बिचाऱ्याला. गुपचूप माघारी घेतली. अन् बाई, त्यायला कायबी सांगू नका. त्यायला वाटायलंय हात बरा झाला. झालाय बी म्हणा, तळातून पाचवर आले की! पर दमानं व्हायलंय. कळलं तर खचतील."

"मग माऊस खराब नव्हता?" सोनवणे मॅडमनी लांबूनच विचारलं.

"माऊस कशाला खराब असतोय," मुंजाजी चिडून म्हणाला. "मशीन कधी खोटं बोलतंय का?"

शनिवारी तो परत आला. आल्या आल्या माझ्या टेबलापाशी उभा राहिला. "चहा घेऊन या, जोशीसाहेब. माऊस साफ करतो."

"चहा नको," मी म्हणालो. "सहावर टाका."

मुंजाजीचा हात वायरीवर तसाच राहिला. मग तो खाली वाकला आणि माझ्यादेखत ती खूण एक घर पुढे सरकवली.

मी दाबलं. नाही उघडली. परत दाबलं. नाही. बाहेर लॉरी येऊन उभी राहिली होती. सात-आठ वेळा झाल्यावर तो हळूच माऊसकडे झुकला.

"राहू द्या हो. पाच काय वाईट हाय?"

मी मान हलवून त्याला थांबवलं आणि पुन्हा दाबलं. बाराव्या खेपेला की तेराव्या, फाइल उघडली. गेटपास निघाला. मुंजाजी चष्मा काढून सदऱ्याने पुसत बसला, आणि मी त्याचा हात धरला. उजव्या हाताने धरला. पकड अजून ढिली आहे, पण त्याने तो सोडवून घेतला नाही.