वाद्यं जुळेपर्यंत

त्रिंबकरावांच्या हातात माइक असताना सोलापुरात कार्यक्रम पडला, असं आजवर झालेलं नाही. हे आम्ही नाही, ते स्वतःच म्हणतात, आणि तेही माइकवरून म्हणतात. वधूवर मेळावा असो, शोकसभा असो, नाहीतर टॉवेलच्या कारखान्याचं उद्घाटन असो, सूत्रसंचालन त्यांचंच. वीज गेली तरी त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तबला जुळायला वेळ लागला, तर तेवढ्यात ते चार सत्कार उरकून घेतात. आमच्या मंडळाच्या कपाटात नारळ आणि टॉवेल कायम भरलेले असतात, ते याचसाठी.

या खेपेला मात्र पंचाईत झाली होती. कार्यक्रम त्यांच्या सख्ख्या मुलीचा होता आणि तिनेच त्यांच्या तोंडाला कुलूप घातलं होतं.

आरोही इंजिनिअर झाली, पुण्यात चांगली नोकरी लागली, आणि मग ती नोकरी सोडून लॅपटॉप, बटणांचे डबे आणि वायरींचा गुंता घेऊन संगीत करू लागली. जोडीला सॅक्सोफोन वाजवणारा अजिंक्य आणि ड्रम वाजवणारी मनाली. कसलं संगीत, असं कुणी विचारलं की त्रिंबकराव 'प्रायोगिक' म्हणत आणि झटकन उन्हाळ्याचा विषय काढत. त्यांची मोहोळची थोरली बहीण बजाबाई दर फोनला विचारायची, "पोरगी नेमकं करती काय, तिरंबक?" या प्रश्नाचा एकदाचा निकाल लागावा, म्हणून त्यांनी मंडळाच्या सभागृहात कार्यक्रम ठरवला. जॅझ, इलेक्ट्रॉनिक्स आणि आयत्या वेळी सुचेल ते, असं आरोहीने पत्रिकेसाठी लिहून दिलं होतं. त्यात त्रिंबकरावांनी 'सुश्राव्य' हा एकच शब्द पदरचा घातला.

"बाबा, तीन वाक्यं," आरोहीने बजावलं. "स्वागत, आमची नावं आणि 'ऐकू या'. मग खाली बसायचं. मध्ये माइक घेतलात, तर मी सोलापुरात परत कधी वाजवणार नाही. खरंच सांगते."

त्रिंबकरावांनी शब्द दिला आणि, विश्वास बसणार नाही, पण तीनच वाक्यं बोलून ते पहिल्या रांगेत येऊन बसले. एका बाजूला बजाबाई, दुसऱ्या बाजूला मंडळाचे अध्यक्ष चनबसप्पा. सभागृह गच्च भरलेलं.

लॅपटॉपमधून घरघर सुरू झाली. अजिंक्यने एक सूर लावला, सोडला, परत लावला. मनालीने ड्रमवर टिचकी मारली आणि विचारात पडली. आरोही एक वायर उपटायची, दुसरीकडे खोचायची. घरघर जरा वाढायची, जरा कमी व्हायची.

त्रिंबकराव शांत होते. वाद्यं जुळवायला वेळ लागतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको. पण घरघर काही थांबेना. मागच्या रांगांत कुजबुज झाली, खुर्च्या सरकल्या, एकदोघे फोन आल्यासारखं करून बाहेर गेले.

"काय ओ, अजून जुळना झालंय काय त्यांचं?" चनबसप्पांनी जांभई आवरत विचारलं.

"मशीन बिघडलं वाटतं पोरीचं," बजाबाई पुटपुटली. "बघ की, तोंड कसं उतरलंय."

त्रिंबकरावांनी पाहिलं. आरोही वायरींवर ओणवी झाली होती, कपाळाला आठ्या, ओठ दाताखाली. दहावीच्या निकालाच्या दिवशी ती अशीच दिसत होती. सगळ्या गावासमोर लेकीची फजिती होते आहे आणि बाप हाताची घडी घालून बसलाय! दिलेला शब्द त्यांना आठवत होता, नाही असं नाही. पण लेक रागावली तरी चालेल, तिचं हसं होता कामा नये. ते उठले, मंडळाच्या कपाटातून नारळ-टॉवेल काढून घेतले आणि स्टेजवर चढले.

"रसिकहो, कलाकार वाद्यं जुळवत आहेत. तोपर्यंत मान्यवरांचा सत्कार टाळ्यांच्या गजरात करू या."

'गजरात... गजरात... गजरात...' असं स्पीकर म्हणाला.

त्रिंबकराव दचकले. "शिवराज, आवाज फिरतोय रे!"

'फिरतोय रे... फिरतोय रे...'

"माझा स्पीकर नवा हाय, काका," साउंडवाला शिवराज कोपऱ्यातून ओरडला. "त्यो असलं काय करत न्हाय!"

आरोहीकडे बघायचा त्रिंबकरावांना धीर झाला नाही. आता थांबलो तर सगळंच बुडेल, असा विचार करून त्यांनी चनबसप्पांना वर बोलावलं. ते नाव पुकारताना त्यांनी जो हेल काढला, तोच अजिंक्यने सॅक्सोफोनवर काढला. लोक हसले. टॉवेल खांद्यावर पडला, तशी मनालीने झांज वाजवली. गडबडीत चनबसप्पांच्या हातातून नारळ निसटला आणि फळीवर धाडकन आपटला. पुढच्याच क्षणाला आरोहीने बटण दाबलं आणि तो नारळ स्पीकरमधून पडू लागला, एकदा जाड आवाजात, एकदा बारीक, मग ठेक्यात. गेलेले लोक परत आले. सगळं सभागृह नारळावर टाळ्या देऊ लागलं.

त्रिंबकरावांना चेव चढला. माजी अध्यक्ष झाले, देणगीदार झाले, बजाबाई झाली. शेवटी एकच टॉवेल उरला. "आणि आता," ते म्हणाले, आणि तेवढ्या एका वेळी त्यांचा आवाज कापला, "माझी मुलगी, आरोही."

'माझी मुलगी... माझी मुलगी...' स्पीकर हळू हळू म्हणत राहिला आणि विझला. सभागृह उठून उभं राहिलं. बजाबाईने नव्या टॉवेलने डोळे पुसले.

टाळ्या ओसरल्यावर त्रिंबकराव घसा खाकरून म्हणाले, "वाद्यं जुळलेली आहेत. आता मुख्य कार्यक्रमाला सुरुवात होत आहे."

मागे अजिंक्य सॅक्सोफोन पेटीत ठेवत होता.

"बाबा," आरोही कानाशी येऊन म्हणाली, "कार्यक्रम संपला."

"संपला? सुरू कधी झाला?"

"तुम्ही खाली बसलात तेव्हा."

त्रिंबकरावांनी माइक घाईने खाली ठेवला. "मग आता तू सोलापुरात..."

"आम्ही वाद्यं जुळवत नव्हतो हो. पण तुम्ही वर आलात आणि आमचं जुळलं." तिने खांद्यावरचा टॉवेल नीट केला. "पुढच्या महिन्यात पुण्यात आहे. याल ना? नारळ घेऊन या."

त्रिंबकरावांची छाती सदऱ्यात मावेना. त्याच तोऱ्यात ते खाली उतरले, तर समोर बजाबाई.

"लई झ्याक झालं बघ. पण सगळा वेळ तूच खाल्लास की! पोरीला वाजवायला मिळालंच न्हाय."

"अगं आक्का, ती पहिल्यापासून वाजवतच होती," त्रिंबकराव जाणकारासारखे हसले. "तेच तिचं संगीत."

"व्हय?" बजाबाईने टॉवेल खांद्यावर टाकला. "मग वाद्यं जुळवली कवा?"

त्रिंबकराव रुमालाने वारा घेत म्हणाले, "यंदा उन्हाळा फार कडक आहे, नाही?"