बंद पडलेले नग

प्रयोगशाळेतलं अंडी उबवायचं कपाट ऐन वेळी बिघडलं आणि दुरुस्तीवाला ‘आलोच’ म्हणून जो गेला तो गेलाच. शेवटी सूनबाईंनी माशाच्या अंड्यांची बशी घरी आणली आणि सासऱ्यांच्या हीटरजवळ ठेवली. सासरे निवृत्त घड्याळजी; दुकान आता मुलाकडे. हृदय थकल्यापासून अंथरुणावर, आणि म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या कामात नाक खुपसायला मोकळे.

“यात बघायचं काय?”

“हृदय, बाबा. आधी सगळ्या पेशी सारख्याच असतात. कुणी हृदय व्हायचं, कुणी पाठ, हे जनुकं ठरवतात. यांतल्या चौथ्या हिश्शात ते हृदयाचं जनुक मोडलंय.”

“मोडलंय?”

“हो. परवा समितीला दाखवायचंय. फसलं तर माझी नोकरी गेलीच समजा. हात लावू नका हं!”

हात लावू नका म्हटल्यावर म्हाताऱ्याने दोन दिवस कसे काढले, त्याचं त्यालाच ठाऊक. तिसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई आंघोळीला गेल्या आणि घड्याळजींनी जुनं भिंग डोळ्याला लावलं. काचेसारख्या पिल्लांत इवलं हृदय टिकटिकत होतं. काहींत मात्र काहीच नव्हतं. तपासायला माणसं येणार आणि मालात बंद नग? त्यांना सुनेची दया आली. त्यांनी औषधाचा ड्रॉपर उचलला.

“सूनबाई, काळजी मिटली!” ती बाहेर येताच ते म्हणाले. “आता एकूणएक चालू आहे.”

“आणि बाकीची?”

“मेलेली होती. बेसिनमध्ये सोडून दिली.”

सूनबाई बेसिनपर्यंत धावत जाऊन आल्या. “बाबा, ती जिवंत होती. एवढ्याशा जिवाला पाण्यातूनच प्राणवायू मिळतो. हृदय नसलं तरी काही दिवस जगतात. मला तीच तर दाखवायची होती!”

“अगं, दोन-चार वळवळली खरी. मला वाटलं, पाण्याने हलतायत.”

तिने साहेबांना फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, बशीत उरलेली जपून परत आणा म्हणाले, आणि जाताना टेबलाचा खण रिकामा करून जा म्हणाले. ती ढसाढसा रडली. म्हाताऱ्यालाही फार वाईट वाटलं. बराच वेळ तो छातीवर हात ठेवून पडून राहिला.

“सूनबाई,” अखेर तो हळूच म्हणाला, “माझी वेळ आली की नाडी तू बघ. तुझ्या नवऱ्याला बघू देऊ नकोस.”

“असं का हो बोलता?”

“तो माझ्याच हाताखाली तयार झालाय.”